ठाणे खाडीतील शिंपले आणि शिंपला-संवर्धन

शिंपला-संवर्धन म्हणजे कालवे, तिसऱ्या, शिनाणे यांसारख्या दोन शिंपांच्या (द्विपुटी) मृदुकाय प्राण्यांची खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात हेतुपूर्वक केलेली वाढ होय. मत्स्यशेतीच्या इतर प्रकारांप्रमाणे यात प्राण्यांना बाहेरून खाद्य द्यावे लागत नाही. पाण्यातील सूक्ष्म वनस्पतिप्लवक व सेंद्रिय कण गाळून ते आपला निर्वाह करतात. त्यामुळे या व्यवसायाचे यश भांडवलापेक्षा पाण्याच्या स्वच्छतेवर अवलंबून असते.

ठाणे जिल्ह्यातील कळवा आणि त्यासमोरील ठाणे शहर यांच्यामधून जाणारी ठाणे खाडी हे या संबंधाचे बोलके उदाहरण आहे. खाडीच्या काठावरील कोळी व आगरी समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आले असून कालवे फोडणे व शिंपले वेचणे हा त्या उपजीविकेचा एक भाग होता. नागरी सांडपाणी व औद्योगिक प्रदूषण यांमुळे खाडीच्या वरच्या भागात खाण्यासाठी शिंपला-संवर्धन करणे आज सुरक्षित मानता येत नाही. मात्र कोकणाच्या दक्षिण भागात, गोव्यात आणि केरळात त्याचे यशस्वी प्रयोग झाले आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी

ठाणे खाडी मुंबई बंदरापासून उत्तरेकडे सुमारे २६ किमी आत शिरली आहे. तिच्या पश्चिमेस साष्टी बेटावरील ट्रॉम्बे, विक्रोळी, भांडुप, मुलुंड व ठाणे ही ठिकाणे आहेत, तर पूर्वेस वाशी, घणसोली, ऐरोली, विटावा व कळवा ही आहेत. दक्षिणेकडे रुंद असलेली खाडी ठाणे-कळवा येथे अगदी अरुंद होते. हा भाग अरुंद असल्यामुळेच लोहमार्गाचे व रस्त्याचे पूल येथे बांधले गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १ मे १८५४ रोजी खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोहोचली.

खाडीचा उत्तरेकडील माथा एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीला जोडलेला आहे. उल्हासचे बहुतेक पाणी वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. त्यामुळे पावसाळा सोडला, तर ठाणे खाडीत गोड्या पाण्याची आवक थोडी असते आणि खाडीचे पाणी बदलण्याचे काम मुख्यतः भरती-ओहोटीवर पडते. हे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते काठाच्या तिवरांत दूरवर शिरते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत त्याचा चढउतार कमी असतो. मुखाजवळचे पाणी समुद्राच्या पाण्याशी सहज मिसळते. कळव्याजवळच्या उथळ माथ्यापर्यंत मात्र ताजे समुद्रजल कमी प्रमाणात पोहोचते, म्हणून तेथे मिसळलेली घाण लवकर वाहून जात नाही.

खाडीच्या दोन्ही काठांवर चिखलाची विस्तीर्ण मैदाने आणि कांदळवने आहेत. कांदळवनांत तिवराचे प्रमाण सर्वाधिक आहे. ६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये अभयारण्य व त्याभोवतीचा परिसर मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

प्रमुख प्रजाती

‘शिंपले’ हा शब्द मराठीत व्यापक अर्थाने वापरला जातो. कोकण किनाऱ्यावर खाण्यात येणाऱ्या प्राण्यांचे ढोबळमानाने पुढील गट पडतात.

कालवे : एक शिंप खडकाला, धक्क्याच्या भिंतीला, पुलाच्या खांबाला किंवा तिवराच्या खोडाला कायमची चिकटवून राहणारा हा प्राणी आहे. खारटपणातील चढउतार तो बऱ्याच अंशी सहन करतो. अडचणीच्या वेळी शिंपा घट्ट मिटून तो काही काळ तग धरू शकतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खडकावरील लहान कालव आणि खाड्यांतील मोठे कालव अशा प्रजाती आढळतात. ठाणे खाडीच्या उत्तरेस, पालघर जिल्ह्यातील केळवे येथील खाजणपाण्यातील कालवांवर डी. व्ही. बाळ व व्ही. एस. दुर्वे यांनी १९६० च्या सुमारास केलेला अभ्यास या विषयातील आरंभीच्या शास्त्रीय कामांपैकी एक आहे.

तिसऱ्या, शिवल्या व खुबे : वाळूमिश्रित चिखलात स्वतःला पुरून घेऊन राहणारे हे शिंपले आहेत. प्रदेशानुसार एकाच प्राण्याला वेगवेगळी नावे आहेत आणि एकच नाव वेगवेगळ्या प्राण्यांनाही लावले जाते. रत्नागिरीजवळील भाट्ये व काळबादेवी येथील अशा शिंपल्यांच्या वाढीवर व प्रजननावर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील आर. नागभूषणम व यू. एच. माने यांनी १९७० च्या दशकात विस्तृत संशोधन केले.

शिनाणे (हिरवा शिंपला) : रेशमासारख्या चिवट धाग्यांनी खडकाला धरून राहणाऱ्या या शिंपल्याच्या कवचाची कड हिरवी असते. शास्त्रीय भाषेत त्यास ‘पर्ना विरिडिस’ म्हणतात. त्यास बऱ्यापैकी खारट व वाहते पाणी लागते, म्हणून तो खाड्यांच्या मुखाशी व उघड्या खडकाळ किनाऱ्यावर अधिक आढळतो.

यांखेरीज चिंबोरी (खेकडा) व कोळंबी यांचाही समावेश व्यवहारात कवच असलेल्या जलचरांत होतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते मृदुकाय नसून कवचधर वर्गातील आहेत. त्यांचे संवर्धन बाहेरून दिलेल्या खाद्यावर चालते आणि त्याचे पर्यावरणीय परिणामही भिन्न असतात.

पारंपरिक वेचणी

ठाण्यातील चेंदणी कोळीवाडा आणि खाडीकाठची इतर गावे यांचा उदरनिर्वाह पूर्वी मासेमारी, भातशेती, मिठागरे व नौकानयन यांवर चाले. होडी व जाळी बहुतांशी पुरुषांकडे असत, तर मासळीची विक्री आणि ओहोटीच्या वेळची वेचणी स्त्रियांकडे असे. ओहोटी लागली की चिखलात उतरून हाताने किंवा लहान हत्याराने शिंपले उकरणे, खडकावरील कालवे लोखंडी अणकुचीदार हत्याराने फोडून आतील मांस काढणे, खेकडे धरणे अशी ही कामे आहेत. वेळापत्रक घड्याळाऐवजी तिथीवर ठरते. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोलवर जाते व वेचणीस अधिक जागा उघडी पडते.

या कामाला होडी, इंजिन किंवा मोठे भांडवल लागत नाही. त्यामुळे कुटुंबातील सर्वांत कमी साधने असलेल्या व्यक्तीलाही त्यातून अन्न व रोख पैसा मिळतो. याच कारणाने ही वेचणी नोंदींबाहेर राहते. मासळीची आकडेवारी प्रामुख्याने बंदरांवर उतरणाऱ्या मालावरून तयार होते. टोपलीतून थेट बाजारात किंवा घरी जाणारे शिंपले त्यात क्वचितच मोजले जातात. एखादे चिखलमैदान भरावाखाली गेले, तर बुडालेल्या उत्पन्नाचा पुरावा दाखवणे वेचणाऱ्या स्त्रीला अवघड जाते.

शिंपल्यांचा उपयोग केवळ खाण्यापुरता मर्यादित नव्हता. कवचे भाजून केलेला चुना किनाऱ्यावरील बांधकामात वापरला जाई. गोव्यात ‘प्लाकुना प्लासेंटा’ या चपट्या शिंपल्याची पातळ, अर्धपारदर्शक कवचे खिडक्यांत काचेऐवजी बसवीत. या शिंपल्यास पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात स्थान देण्यात आले.

संवर्धनाच्या पद्धती

शिंपल्यांची अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडल्या जातात. फलनानंतर तयार होणाऱ्या अळ्या साधारणपणे दोन ते तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि नंतर योग्य आधार मिळाल्यावर स्थिरावतात. स्थिरावलेल्या लहान पिलांना ‘बीज’ म्हणतात. संवर्धनाच्या सर्व पद्धती हे बीज मिळवणे, त्यास सोयीची जागा देणे आणि शत्रूंपासून त्याचे रक्षण करणे या तीन गोष्टींवर उभ्या आहेत.

दोरावरील संवर्धन : ही पद्धत शिनाण्यांसाठी वापरतात. खडकावरून गोळा केलेले बीज दोराभोवती पसरून त्यावर विरळ सुती कापड शिवतात. शिंपले आपल्या धाग्यांनी दोराला धरेपर्यंत कापड कुजून गळून पडते. असे दोर बांबूच्या मांडवावरून किंवा तराफ्यावरून पाण्यात सोडले जातात. अनुकूल पाण्यात पाच-सहा महिन्यांत शिंपला विक्रीयोग्य होतो.

मांडव व माळ पद्धत : ही कालवांसाठी असते. रिकाम्या कालवांना भोक पाडून त्यांच्या माळा ओवतात आणि बीज बसण्याच्या हंगामात त्या पाण्यात टांगतात. अळ्या कवचांवर स्थिरावल्यावर त्याच माळांवर कालवे वाढू देतात.

तळावरील पेरणी : तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचे दाट जागेतील बीज काढून ते विरळ व सुरक्षित जागी पसरतात. आवश्यकता वाटल्यास भोवती जाळ्याचे कुंपण घालतात.

पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य अडचण पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर या काळात खाड्यांतील खारटपणा एकदम घटतो, गाळ वाढतो आणि शिनाण्यांसारखे शिंपले मरतात. म्हणून त्यांचे दोर पावसाळा संपल्यावर सोडून पुढील पावसाळ्यापूर्वी काढावे लागतात.

भारत व महाराष्ट्रातील प्रयत्न

भारतात या विषयावरील संशोधनाचा मोठा वाटा १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे जातो. या संस्थेने १९७० च्या दशकात तुतिकोरिन येथे मोत्याच्या कालवांवर व खाद्य कालवांवर प्रयोग केले. १९७३ मध्ये तेथे संवर्धित मोती तयार करण्यात यश आले. त्याच दशकात गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सैयद झहूर कासिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तराफ्यावरून सोडलेल्या दोरांवर हिरवे शिंपले वाढवून त्याचे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. नैसर्गिक खडकापेक्षा दोरावर वाढ जलद होते, हे अशा प्रयोगांतून दिसून आले.

या संशोधनाचे रूपांतर गावपातळीवरील व्यवसायात प्रथम केरळात झाले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना परिसरात स्त्रियांच्या बचत गटांनी शिनाण्यांचे संवर्धन मोठ्या प्रमाणावर सुरू केले. उथळ पश्चजलात बांबूचे मांडव उभारणे स्वस्त पडते आणि काम घराजवळ होते, ही त्यामागील कारणे होती.

महाराष्ट्रात रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईतील वर्सोवा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यांनी मत्स्यसंवर्धनाचे संशोधन व प्रशिक्षण केले आहे. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबवलेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात खेकडे, कालवे व शिनाणे यांच्या संवर्धनाला चालना देण्यात आली. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेद्वारे किनारी गावांतील गटांना अशा व्यवसायांसाठी साहाय्य मिळू लागले. कांदळवन राखण्यात गावाचाही आर्थिक लाभ असावा, असे या योजनेमागील सूत्र आहे.

परिसंस्थेतील कार्य

शिंपले कल्ल्यांच्या साहाय्याने पाणी गाळतात. अनुकूल परिस्थितीत एक प्रौढ अमेरिकन कालव दिवसाला सुमारे १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. खाण्यायोग्य कण पोटात जातात आणि उरलेले कण श्लेष्मात गुंडाळून तळाशी टाकले जातात. यामुळे पाणी निवळते व सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो. शिंपले काढले की त्यांच्या मांसात व कवचांत साठलेले नत्र आणि स्फुरदही पाण्याबाहेर जाते.

अमेरिकेतील चेसापीक उपसागराचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. एकोणिसाव्या शतकातील अफाट कालवे तीन-चार दिवसांत संपूर्ण उपसागराइतके पाणी गाळू शकत असावीत. अतिवेचणी, रोग व प्रदूषण यांनी ती घटल्यावर त्याच कामाला सुमारे एक वर्ष लागेल, असा अंदाज रॉजर न्यूवेल यांनी १९८८ मध्ये मांडला.

कालवांच्या थरांना दुसरेही महत्त्व आहे. त्यांच्या खडबडीत भेगांत खेकड्यांची व माशांची पिले आश्रय घेतात, लाटांचा जोर कमी होतो आणि काठाची धूप थांबते. कांदळवने व चिखलमैदाने यांच्यासह हे थर कोळंबी, बोय, चिंबोरी अशा प्राण्यांच्या बाल्यावस्थेचे पाळणाघर ठरतात. किनाऱ्यालगत जाळ्यात सापडणाऱ्या कोळंबीचा बराच भाग आयुष्याच्या आरंभी खाड्यांत वाढलेला असतो. त्यामुळे खाडीचा माथा बिघडल्याचा फटका मुखाशी मासेमारी करणाऱ्यांनाही बसतो. चिखलातील लहान मृदुकाय व इतर तळजीव हे स्थलांतरित पक्ष्यांचेही अन्न आहे. धाकटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातो, तर थोरला रोहित व चिखलपक्षी लहान मृदुकाय, कवचधर व कृमी टिपतात.

संवर्धनाचे प्रतिकूल परिणामही आहेत. संथ पाण्यात दोर दाटीने टांगल्यास त्यांखाली विष्ठा व गाळ साचतो, तळाचा प्राणवायू घटतो आणि तळजीव मरतात. सर्व बीज नैसर्गिक खडकावरून खरवडल्यास मूळ थर ओस पडतात. जहाजांच्या तळाला चिकटून किंवा त्यांच्या भारपाण्यातून परकीय प्रजातीही येतात. मूळचा अमेरिका खंडातील ‘मायटेला’ हा शिंपला २०१९ च्या सुमारास केरळातील अष्टमुडी व इतर पश्चजलांत मोठ्या प्रमाणावर पसरलेला आढळला. त्याने स्थानिक शिनाणे व कालवे यांची जागा व्यापली.

प्रदूषण व खाद्यसुरक्षा

पाणी गाळण्याचा जो गुण शिंपल्याला परिसंस्थेचा सेवक बनवतो, तोच गुण दूषित पाण्यात त्याला खाण्यास धोकादायक बनवतो. पाण्यातील जीवाणू, विषाणू, जड धातू व तेलाचे अंश त्याच्या शरीरात पाण्यातील प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक साठतात. मासा पोहून दूर जाऊ शकतो, शिंपला जागचा हलत नाही. या गुणाचा उपयोग करून शिंपल्यांच्या मांसाच्या तपासणीतून किनाऱ्याच्या प्रदूषणावर लक्ष ठेवण्याची ‘मसल वॉच’ ही कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली.

ठाणे खाडीवर दोन बाजूंनी भार पडतो. पूर्वेस १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा वाढला. दोन्ही काठांच्या वस्त्यांचे सांडपाणीही खाडीत येते. उल्हास नदीच्या बाजूने अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण व डोंबिवली परिसरातील नागरी व औद्योगिक सांडपाण्याचा भार आहे. वालधुनी नदी हे त्याचे एक परिचित उदाहरण होय. चेंदणी बंदराजवळ खाडीकाठी असलेल्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातील प्राणिशास्त्रज्ञांनी खाडीचे पाणी, गाळ, तळजीव व मासे यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. खाडीच्या वरच्या भागात सेंद्रिय प्रदूषण व गाळ अधिक आणि मासळीची विविधता कमी, असे चित्र या अभ्यासांतून पुढे आले. भराव, पुलांचे बांधकाम व घनकचरा यांमुळे प्रवाह मंदावून ही स्थिती अधिक बिकट होते.

अपघाती प्रदूषणाचा अनुभव ७ ऑगस्ट २०१० रोजी आला. मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. ते किनाऱ्यावरील कांदळवनांपर्यंत पोहोचले आणि मासळीची विक्री काही काळ मंदावली.

दूषित शिंपल्यांमुळे होणाऱ्या रोगांचा इतिहास जुना आहे. १९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील अनेक शहरांत दूषित कालवांमुळे विषमज्वराची साथ पसरली. त्यानंतर तेथे शिंपल्यांच्या आरोग्य-तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासे व शिंपल्यांवाटे माणसांपर्यंत पोहोचला. हा विकार १९५६ मध्ये अधिकृतपणे उघडकीस आला. युरोपीय संघात शिंपले वाढवण्याच्या पाण्याचे वर्गीकरण केले जाते. थेट खाण्यासाठी विकावयाच्या शिंपल्यांत १०० ग्रॅम मांस व आतील द्रवामागे ‘ई. कोलाय’ जीवाणूंची मर्यादा साधारणतः २३० इतकी आहे. त्याहून दूषित पाण्यातील शिंपले प्रथम शुद्ध करावे लागतात.

शुद्धीकरणात जिवंत शिंपले स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवतात. त्यामुळे पोटातील बहुतेक जीवाणू बाहेर पडतात. विषाणू मात्र चिवट असतात आणि मांसात मुरलेले जड धातू इतक्या अवधीत निघत नाहीत. शिजवल्यानेही धातू नष्ट होत नाहीत. म्हणूनच जीवाणूंसाठी असलेला उपाय औद्योगिक प्रदूषणावर लागू पडत नाही.

किनारी मासेमारीशी संबंध

शिंपला-संवर्धन व मासेमारी यांचे नाते पूरकही असते आणि स्पर्धेचेही. पूरक अशासाठी, की मांडवाच्या खांबांभोवती मासे जमतात, मासेमारी बंद असताना काही उत्पन्न मिळते आणि स्वच्छ पाण्याची मागणी करणारा आणखी एक गट तयार होतो. स्पर्धा प्रामुख्याने जागेची असते. डोल जाळी लावण्याची, पाग टाकण्याची व होडी नेण्याची वाट मांडवांनी अडू शकते. पूर्वी सर्वांना मोकळे असलेले चिखलमैदान एखाद्या गटाला दिले गेले, तर वेचणाऱ्या स्त्रियांचा प्रवेश बंद होण्याची भीती असते. त्यामुळे जागा ठरवताना नोंदणीकृत संस्थांबरोबरच प्रत्यक्ष वेचणाऱ्यांना विचारात घेणे महत्त्वाचे ठरते.

नियमांचे पालन झाल्यास नैसर्गिक साठाही टिकू शकतो, हे केरळातील अष्टमुडी सरोवराच्या उदाहरणावरून दिसते. तेथील तिसऱ्यांची बेसुमार वेचणी झाल्यावर १९९० च्या दशकात प्रजननकाळातील बंदी, जाळ्याच्या आसाची किमान मर्यादा व लहान शिंपले न काढण्याचा नियम लागू झाला. २०१४ मध्ये या मासेमारीला ‘मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल’चे प्रमाणपत्र मिळाले. भारतातील मासेमारीला मिळालेले ते पहिलेच होते.

कोळंबी-संवर्धनाशी तुलना

भारतात किनारी मत्स्यशेतीविषयीचा वाद मुख्यतः कोळंबीमुळे उद्भवला. १९९० च्या दशकात तळी खोदण्यासाठी खाजणे व कांदळवने वापरली गेली, खाद्य व औषधे मिसळलेले पाणी खाड्यांत सोडले गेले आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने मोठे नुकसान झाले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारी नियमन क्षेत्रातील कोळंबी-उद्योगाची तळी हटवण्याचा आदेश दिला. पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धतींना त्यातून सूट होती. पुढे २००५ च्या कायद्याने किनारी जलसंवर्धन प्राधिकरणास वैधानिक आधार मिळाला.

कोळंबीच्या तळ्याला बाहेरून खाद्य द्यावे लागते व त्यातून पोषकद्रव्यांचा भार खाडीवर पडतो. शिंपला उलट खाडीतील पोषकद्रव्ये उचलतो. हा भेद लक्षात घेऊन २०२३ च्या दुरुस्तीने द्विपुटी शिंपले, मोत्याची कालवे, समुद्रशैवाल व पिंजऱ्यातील संवर्धन यांना कायद्याच्या कक्षेत आणले. खाद्य लागत नसले, तरी जागेची निवड, बीजाचा स्रोत व दाटी यांचे नियमन शिंपल्यांच्या बाबतीतही आवश्यक असते.

ठाणे खाडीतील सद्यःस्थिती व शक्यता

कळवा-ठाणे भागात शिंपला-संवर्धनाला तीन मर्यादा आहेत. पहिली खाद्यसुरक्षेची आहे. सांडपाणी व जड धातू या दोहोंचा भार असलेल्या पाण्यातील शिंपले नियमित तपासणीविना विकणे योग्य ठरत नाही. दुसरी मर्यादा नैसर्गिक आहे. माथ्यावरील गाळ, संथ प्रवाह व पावसाळ्यातील गोडे पाणी शिनाण्यांस मानवत नाही. कालवे मात्र तग धरतात. तिसरी कायद्याची आहे. अभयारण्य, कांदळवने व किनारी नियमन क्षेत्र यांत कोणतीही रचना उभारण्यास परवानगीची आवश्यकता असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या नाशावर संपूर्ण बंदीचा आदेश दिला आहे.

तरीही शिंपल्यांना खाडीत स्थान नाही, असा याचा अर्थ होत नाही. पुलांच्या खांबांवरील कालवे प्रदूषणमापनासाठी वापरता येतात. निश्चित ठिकाणच्या कालवांची दरवर्षी तपासणी केल्यास सांडपाणी-प्रक्रियेचा परिणाम प्रत्यक्ष दिसू शकतो. न्यूयॉर्क बंदरात खाण्यासाठी नव्हे, तर केवळ परिसंस्था सुधारण्यासाठी कालवांचे थर पुन्हा वसवले जात आहेत. तेथील कालवे खाण्यास मनाई आहे. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रामुळे विद्यार्थ्यांना खाडीचा परिचय करून देण्याची सोय झाली आहे. त्यामुळे अशा निरीक्षणाला शैक्षणिक जोडही मिळू शकते.

खाण्यासाठी संवर्धन करावयाचे, तर क्रम उलटा करता येत नाही. प्रथम सांडपाण्यावर प्रक्रिया, मग पाण्याची व मांसाची तपासणी, आणि ती समाधानकारक ठरल्यावर मांडव, हाच त्याचा क्रम आहे. केवळ मांडव उभारल्याने खाडी स्वच्छ होत नाही. शिंपल्यांनी गाळलेली विषारी द्रव्ये नाहीशी होत नाहीत, ती शिंपल्यांच्या मांसात व तळाच्या गाळात जाऊन बसतात. खाडीकाठी कालवे फोडून पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. पाणी सुधारल्यास त्यांना जुना व्यवसाय नव्या स्वरूपात मिळू शकतो. ते न सुधारल्यास त्यांच्या टोपलीतील माल प्रथम त्यांच्याच घरात शिजतो व त्यातील दोष प्रथम त्यांनाच बाधतो.